सॅलॅमँडर नसलेल्या डोंगरात

सह्याद्रीत सॅलॅमँडर नाही. हे विधान सगळीकडे आढळते आणि ते खरेही आहे. प्रश्न एवढाच, की ते खरे आहे असे आपण कशाच्या बळावर म्हणतो? कारण याच सह्याद्रीत आणि त्याच्या पायथ्याच्या कोकणात २००३ आणि २००४ या दोन वर्षांत, पाय नसलेल्या आणि मातीत राहणाऱ्या उभयचरांच्या, म्हणजे देवगांडुळांच्या, तीन प्रजातींचे वर्णन पहिल्यांदा प्रसिद्ध झाले. त्यांची मूळ ठिकाणे म्हणजे आंबोली, रत्नागिरी जिल्ह्यातले डोर्ले आणि कोयनेजवळची हुंबरळी. यातले एकही ठिकाण निबिड अरण्यात लपलेले नाही. आंबोली तर पर्यटकांनी गजबजलेले थंड हवेचे ठिकाण. वर्षभर आधी कोणी विचारले असते, तर या गावांच्या मातीत असले काही नाही असेच उत्तर मिळाले असते, आणि ते सॅलॅमँडरविषयीच्या उत्तराइतक्याच ठामपणे दिले गेले असते. म्हणजे आपल्याकडे दोन जातींचे नकार आहेत. एक पुराव्याने सिद्ध झालेला, दुसरा कोणी नीट पाहिलेच नाही म्हणून टिकून राहिलेला. कागदावर ते एकसारखेच दिसतात. उंच डोंगरातल्या लपून राहणाऱ्या उभयचरांच्या शोधाचा आढावा घ्यायचा, तर हे दोन नकार वेगळे कसे काढायचे इथूनच सुरुवात करावी लागते.

आधी सिद्ध झालेला नकार पाहू. सॅलॅमँडर म्हणजे मोठेपणीही शेपटी टिकवणारा, बहुधा चार पायांचा, ओल्या त्वचेचा उभयचर. जगात त्याच्या सुमारे आठशे प्रजाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक उत्तर गोलार्धात. भारतात तो फक्त पूर्वेकडच्या डोंगरांत भेटतो: दार्जिलिंग, सिक्कीम, अरुणाचल, नागालँड, मणिपूर. दार्जिलिंगच्या डोंगरांतला खरखरीत त्वचेचा, पाठीवर गाठींच्या रांगा असलेला प्राणी शतकाहून अधिक काळ अभ्यासकांना माहीत होता. मात्र प्राणिशास्त्रज्ञ अँडरसनने १८७१ साली युनानमधल्या नमुन्यांवरून जे नाव दिले होते, तेच नाव त्यालाही चिकटले होते. २०१५ साली पूर्व नेपाळमधल्या नमुन्यांच्या डीएनएची तुलना झाली आणि हिमालयातला हा प्राणी वेगळीच प्रजाती ठरला. त्याला टायलोटोट्रिटॉन हिमालयानस हे नाव मिळाले. दार्जिलिंगमधले जोरपोखरीचे चिमुकले अभयारण्य याच प्राण्यासाठी राखलेले. ज्या प्राण्याची ओळख पटायला इतका काळ लागला, तो दिसायला मात्र अवघड नव्हता. पावसाच्या सुमारास तो तळ्यांत अंडी घालायला उतरतो आणि मळ्यातल्या मजुरापासून शाळकरी मुलापर्यंत कोणालाही दिसू शकतो.

सह्याद्रीत तो का नाही, याचे सर्वांत सोपे उत्तर उंचीचे दिले जाते. कळसूबाई १,६४६ मीटर, तेही एकच शिखर; सॅलॅमँडरला थंड, उंच डोंगर लागतात, तेव्हा विषय संपला. हे उत्तर टिकत नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या सपाट, उष्ण दलदलीत सॅलॅमँडर आहेत, आणि दक्षिण अमेरिकेत त्यांचा एक गट ॲमेझॉनच्या सखल जंगलापर्यंत पोचला आहे. खरे कारण भूखंडांच्या इतिहासात शोधावे लागते. सॅलॅमँडरांची वंशावळ उत्तरेकडच्या भूखंडांवर वाढली. भारताचा तुकडा दक्षिणेकडचा. तो मादागास्करपासून साधारण नऊ कोटी वर्षांपूर्वी सुटला, सेशेल्स बेटांपासून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आणि आशियाला भिडला तो पाचेक कोटी वर्षांपूर्वी. मुंबईत वरळीला लाव्हाच्या थरांमध्ये सापडलेल्या गाळाच्या खडकात त्या काळातले बेडूक दगड होऊन पडले आहेत. जीवाश्मतज्ज्ञ ओवेनने १८४७ मध्येच त्यांचे वर्णन केले होते. कासव आणि मगर यांचेही अवशेष त्या थरांत मिळाले, सॅलॅमँडरचा मात्र नाही. त्याउलट आपल्या देवगांडुळांचे जवळचे भाऊबंद आजही सेशेल्सच्या बेटांवर राहतात. सह्याद्रीची माती कोणत्या घराण्याची आहे, ते यावरून कळते.

पण या स्पष्टीकरणावर एक रास्त आक्षेप आहे. टक्कर झाल्यानंतर पाच कोटी वर्षे मिळाली. एवढ्या काळात उत्तरेचे कितीतरी प्राणी दक्षिणेत आले. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी तर गेल्या शतकाच्या मध्यास, पूर्व हिमालयातले मासे सातपुड्याच्या वाटेने पश्चिम घाटात पोचले असावेत, अशी मांडणी केली होती. तिच्यातले सगळे तपशील आज मान्य होत नाहीत, पण येण्याजाण्याच्या वाटा होत्या हे कोणी नाकारत नाही. देवगांडुळांचा एक गट तर उलट दिशेने, भारतातून आग्नेय आशियात गेला असे जनुकीय पुरावे सांगतात. मग सॅलॅमँडर का येऊ शकला नसता? आला असता. म्हणूनच भूगर्भाचा इतिहास एकटा पुरेसा नाही. तो फक्त शक्यता कमी करतो. नकार सिद्ध होतो तो दुसऱ्या पुराव्याने. तळ्यात अंडी घालणारा, वीतभर लांबीचा, दिवसाढवळ्याही दिसू शकणारा प्राणी घाटमाथ्यावरच्या तळ्यांत, टाक्यांत, ओढ्यांत असता तर तो गुराख्यांना, कातकऱ्यांना, ठाकरांना ठाऊक असता. त्याला नाव असते, त्याच्याभोवती समज-गैरसमज असते. १८८३ पासून काम करणाऱ्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात त्याची एखादी बरणी असती. (उद्या घाटातल्या एखाद्या ओढ्यात खरोखरच सॅलॅमँडर मिळाला, तर तो मत्स्यालयाच्या दुकानातून विकत घेऊन कंटाळा आल्यावर सोडून दिलेला मेक्सिकोचा ॲक्सोलॉटल असण्याची शक्यता अधिक, आणि ती आनंदाची गोष्ट नसेल.) सारांश, हा नकार पक्का आहे. पक्का असण्याचे कारण मात्र लक्षात ठेवावे: हा प्राणी असता तर दिसला असता, असे आपण खात्रीने म्हणू शकतो.

देवगांडुळांबाबत नेमके हेच म्हणता येत नाही. हा प्राणी गांडुळासारखा वळयांचा आणि चकचकीत. डोळे त्वचेखाली, काहींचे तर कवटीच्या हाडाखाली दडलेले. डोळा आणि नाकपुडी यांच्या दरम्यान बाहेर येणारी इवलीशी स्पर्शिका, जी दुसऱ्या कोणत्याही उभयचराला नाही. आयुष्य ओल्या मातीत, कुजलेल्या पाचोळ्यात, शेणखताच्या ढिगाखाली, बागेच्या पाटाकडेला जाते. कुदळीच्या घावात सापडला तर कोणी साप समजून ठेचतो, कोणी गांडूळ समजून बाजूला फेकतो. महाराष्ट्राच्या परिसरातल्या त्याच्या शोधाचा इतिहास पाहिला की एक गोष्ट डोळ्यांत भरते. कॅन्ससच्या एडवर्ड टेलरने १९६० साली दोन प्रजातींना नावे दिली, एक डांगमधल्या वघईची, दुसरी खंडाळ्याची. डोंगर न चढता, संग्रहालयांत आधीच साठवलेल्या नमुन्यांवरून. त्यानंतर चाळीस वर्षे या भागात नव्या नावांची भर जवळपास पडलीच नाही. मग २००३ मध्ये वरद गिरी, मार्क विल्किन्सन आणि डेव्हिड गोवर यांनी आंबोलीच्या प्रजातीचे वर्णन केले आणि तिला निसर्गतज्ज्ञ जे. सी. डॅनियल यांचे नाव दिले. त्याच वर्षी डोर्ल्याची प्रजाती आली, पुढच्या वर्षी हुंबरळीची, आणि मागोमाग गोव्यातून बोंडला व केरीच्या. प्राणी तेव्हा अचानक वाढले नाहीत. शोधणारे वाढले. वघईला वनखात्याचा डेपो आणि रेल्वे, खंडाळ्याला लोहमार्ग आणि बंगले, आंबोलीला घाटरस्ता, हुंबरळीला धरणाची वसाहत. नकाशावरचे हे ठिपके देवगांडुळांच्या वस्तीइतकेच माणसांच्या राहण्याच्या सोयीचेही आहेत.

डोर्ल्याच्या प्रजातीचे उदाहरण आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. तिचे वर्णन झाले तेव्हा तिच्याविषयी फारसे काही सांगण्यासारखे नव्हते. नंतर काही वर्षे ती शोधत राहिल्यावर, २००८ साली गोवर, गिरी आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या योगेश शौचे यांच्या चमूने दाखवून दिले, की ती अंडी न घालता पिल्लांना जन्म देते. आशियातल्या कोणत्याही उभयचराबाबतची ती पहिली अशी नोंद होती. आणि हा प्राणी थंड शिखरावरचा नाही, समुद्राकडच्या जांभ्याच्या मुलखातला. दुर्मीळ ते उंचावरच असणार, ही आपली समजूत शोधाला चुकीच्या जागी नेते. बेडकांच्या बाबतीत ठिकाणाइतकीच वेळ चकवते. कोयनेच्या एकाच भेकाचे १९६३ आणि १९६४ मध्ये दोन वेगवेगळ्या नावांनी वर्णन झाले. पुढे पहिले नाव टिकले. त्याच्या जवळच्या नात्यातला आंबोलीचा भेक मात्र २००९ मध्ये नावारूपाला आला. हा भेक वळवाच्या पहिल्या सरींनंतर सड्यावरच्या, म्हणजे सपाट खडकाळ माथ्यावरच्या, उथळ डबक्यांभोवती गोळा होतो, अंडी घालतो आणि पांगतो. ते मोजके दिवस चुकले की वर्ष गेले. केरळच्या पश्चिम घाटातला जांभळा बेडूक याहून मुरलेला: वर्षातला जवळजवळ सगळा काळ तो जमिनीत. बिजू आणि बॉसुइट यांनी त्याला २००३ मध्ये विज्ञानासमोर आणले. त्याचे डिंभ मात्र अॅनंडेलने जवळपास शतकापूर्वीच वर्णिले होते, फक्त ते कोणाचे हे माहीत नव्हते.

सॅलॅमँडर शोधणाऱ्यांचा अनुभव आपल्याला उपयोगी पडतो तो इथे. अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी डोंगरांत सुमारे तीस प्रजातींचे सॅलॅमँडर आहेत. जगात इतक्या बारकाईने चाळलेले डोंगर क्वचितच सापडतील. तिथल्या संशोधकांनी खूप आधी ओळखले की ओल्या रात्रीही पृष्ठभागावर येतात ते थोडेच, बाकीचे जमिनीखाली. तेव्हा दिसलेल्यांची संख्या म्हणजे असलेल्यांची संख्या नव्हे. एकाच जागी पुन्हापुन्हा जाऊन, दिसण्याची शक्यता स्वतंत्रपणे मोजावी लागते. ग्वाटेमाला आणि मेक्सिकोच्या ज्वालामुखी डोंगरांतला धडा याहून मोलाचा. तिथे डेव्हिड वेक आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात केलेल्या पाहण्या जागेसकट, श्रमासकट लिहून ठेवल्या होत्या. २००९ साली शॉन रोव्हिटो आणि वेक यांनी त्याच जागी पुन्हा शोध घेऊन सांगितले, की उंचावरच्या आणि ठरावीक अधिवासाला बांधलेल्या प्रजाती कोसळल्या आहेत. जुन्या नोंदीत किती शोधले हे लिहिलेले नसते, तर ‘आता कमी मिळतात’ हे वाक्य म्हाताऱ्यांच्या तक्रारीपलीकडे गेले नसते. त्याच ग्वाटेमालात १९७५ नंतर बेपत्ता असलेला एक सॅलॅमँडर २०१७ मध्ये पुन्हा मिळाला, तो संशोधकांच्या मोहिमेत नव्हे तर राखीव जंगलातल्या एका वनरक्षकाला. रोज तिथे असणाऱ्याची नजर पाहुण्याच्या विजेरीपेक्षा लांब पोचते.

आता थोडे गणित. समजा, एखाद्या डोंगरावर देवगांडूळ आहे आणि पावसाळ्यातल्या एका नीट केलेल्या फेरीत ते दिसण्याची शक्यता पाचात एक आहे. पाच फेऱ्या करून काहीच न मिळण्याची शक्यता तरीही सुमारे एक-तृतीयांश उरते. दहा फेऱ्यांनंतरही दहात एक. चुकण्याची शक्यता शंभरात पाचाखाली आणायला चौदा फेऱ्या लागतात. जानेवारीत केलेल्या शंभर फेऱ्या या हिशेबात शून्य. हा आकडा कल्पित आहे, पण हिशेबाची रीत खरी आहे. ती लावून पाहिली की आपल्या नकाशावरच्या कोऱ्या जागा वेगळ्याच दिसू लागतात. वघई आणि खंडाळा या टेलरच्या दोन ठिपक्यांमध्ये ठाणे, पालघर आणि नाशिकचा सगळा डोंगराळ पट्टा येतो. भिवंडीच्या नारपोलीतून, यंत्रमाग आणि गोदामांच्या वस्तीतून, नाशिक महामार्गाला लागून पुढे गेले की आसनगावामागे माहुलीचे सुळके उभे आहेत, सुमारे साडेआठशे मीटर उंच. पलीकडे तानसाचे जंगल, आणखी पुढे घाटाची भिंत. अशा डोंगराच्या नावापुढे यादीत काही नसले, तर ‘चौदा फेऱ्या झाल्या, मिळाले नाही’ आणि ‘कोणी गेलेच नाही’ या दोन्हींचा अर्थ एकच लावला जातो. माझ्या मते इथल्या उभयचर-अभ्यासातली सर्वांत मोठी उणीव हीच आहे. नव्या प्रजातीचे वर्णन छापून येते. रिकाम्या हाताने परतलेली फेरी वहीतच राहते.

यावर अभ्यासकांकडून येणारे आक्षेप हलके नाहीत. रिकाम्या फेऱ्यांच्या नोंदीला कोण पैसे देणार, कोण छापणार? नवी प्रजाती मिळाली की बातमी होते, जागेला संरक्षण मिळण्याची आशा निर्माण होते. हे खरे आहे, आणि आंबोलीच्या बाबतीत नव्या प्रजातींनीच त्या गावाकडे अभ्यासकांचे लक्ष वळवले. पण नव्या प्रजातीच्या बातमीने एक ठिपका वाढतो. ती प्रजाती तिथेच आहे की दहा डोंगरांवर, हे न कळल्यामुळे तिचे भवितव्य ठरवता येत नाही. जगातल्या देवगांडुळांचा मोठा भाग लाल यादीत ‘अपुरी माहिती’ या रकान्यात अडकून पडला आहे, तो यामुळेच. दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा: पाण्यातला किंवा मातीतला डीएनए तपासला की दगड उलटायची गरजच काय? तळ्यातल्या प्राण्यांसाठी ही पद्धत उत्तम आहे. २००८ मध्ये फ्रान्समध्ये तिने अमेरिकन बुलफ्रॉग शोधून दाखवला. मातीत राहणाऱ्या, पाण्यात क्वचितच उतरणाऱ्या प्राण्याचा डीएनए मात्र मूठभर मातीत सापडेलच असे नाही, आणि सापडला तरी तो ओळखायला आधी त्या प्रजातीचा नमुना हवा.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: शोध स्वतःच नासधूस करतो. सड्यावरचा सुटा दगड म्हणजे कोणाच्या तरी घराचे छप्पर. त्याखालचा ओलावा, तापमान, मुंग्यांची वारुळे हे सगळे वर्षानुवर्षांत जमलेले असते. दगड उलटा ठेवून निघून गेले की ते एका उन्हात संपते. अपर्णा वाटवे, वरद गिरी आणि तरुण सहकाऱ्यांनी कोकणातल्या सड्यांवर दगडाखालच्या प्राण्यांचा पद्धतशीर अभ्यास केला, उघडे सडे, पडीक भातखाचरे आणि आंबा-काजूच्या बागा यांची तुलना केली. तिथेही पद्धत हीच, दगड उचलून पाहण्याची. फक्त पाहून झाल्यावर तो जसा होता तसाच बसवायचा. शिवाय बुरशीचा धोका आहे. बेडकांचा संहार करणारी कायट्रिड बुरशी पश्चिम घाटात असल्याचे २०११ मध्ये कळले आणि २०१३ मध्ये नीलेश डहाणूकर व सहकाऱ्यांनी उत्तर भागातल्या प्रदेशनिष्ठ बेडकांवर तिचा आशियाई वाण दाखवून दिला. एका डोंगरावरच्या चिखलाचे बूट न धुता दुसऱ्या डोंगरावर नेणारा अभ्यासक या बाबतीत निष्काळजी पर्यटकाइतकाच धोकादायक. हा आक्षेप मान्य केला तर त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र शोध थांबवावा असा नाही. शोध एवढा महाग पडत असेल तर एकही फेरी वाया घालवणे परवडणारे नाही. आणि नोंद न झालेली फेरी वायाच गेलेली असते, कारण तोच दगड पुढच्या वर्षी दुसरा कोणीतरी पुन्हा उलटतो.

हे सगळे अभ्यासकांचे घरगुती भांडण राहिले असते, तर वाचकाला त्याच्याशी कर्तव्य नव्हते. पण कोऱ्या जागेचा अर्थ ‘नाही’ असा लावला जातो तो आता सरकारी कागदांत. कोल्हापूरच्या सड्यांवर बॉक्साइटच्या खाणी आहेत, रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभा फोडून बागा उठतात, ठाण्याच्या टेकड्यांचा मुरूम भरावासाठी लागतो. मोठ्या प्रकल्पाला पर्यावरणीय परवानगी देताना तिथे काय राहते याचा अहवाल मागितला जातो, आणि खाणींसाठीच्या ठरावीक कार्यकक्षेत हवा, पाणी, आवाज आणि माती यांच्याबरोबर वनस्पती आणि प्राणी यांचीही माहिती एका ऋतूत गोळा करायची असते. तो ऋतू कोणता, हेही तिथेच लिहिलेले आहे: पावसाळा सोडून कोणताही. धूळ मोजायला ही अट रास्त आहे, कारण पावसात धूळ बसते. पण सड्यावरचा भेक वळवानंतरच्या मोजक्या दिवसांत दिसतो, देवगांडूळ ओल्या मातीत वर येते, आणि पावसाळा वगळून केलेल्या एका ऋतूच्या पाहणीत दोघेही सहज निसटतात. अशा अहवालात ‘उभयचर आढळले नाहीत’ असे लिहिणारा खोटे बोलत नसतो. तो मार्चमध्ये गेला होता, एवढेच. अट बदलायला नवे शास्त्र नको. खाणीच्या आणि मोठ्या भरावाच्या कामांसाठी प्राण्यांची पाहणी वळवापासून जुलैपर्यंत करावी आणि अहवालात फेऱ्यांची संख्या, तास आणि तारखा द्याव्यात, एवढी दुरुस्ती पुरे. मग निदान माहुलीसारख्या डोंगरापुढच्या कोऱ्या जागेत काहीतरी लिहिलेले असेल, भले ते ‘चौदा वेळा शोधले, मिळाले नाही’ एवढेच का असेना.